‘अर्थपूर्ण’

मराठी वर्तमानपत्रात ‘अर्थपूर्ण’ हा शब्द अवतरणचिन्हांत आला की वाचक मनातल्या मनात हसतो. बदल्यांमागची ‘अर्थपूर्ण’ चर्चा, निविदेतली ‘अर्थपूर्ण’ दिरंगाई. कोणी कोणाला काय दिलं हे थेट छापता येत नाही, म्हणून बातमीदारांनी शोधलेली ही पळवाट. शब्द वापरून वापरून इतका मळला आहे, की सरळ अर्थाने वापरायचा तर आधी झटकून घ्यावा लागतो. या पुस्तकाचं काम चालू असताना कोणी विषय विचारला, तर मी ‘सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांचं अर्थपूर्ण काम’ असं सांगायचो. ऐकणारे बहुतेक जण डोळे मिचकावायचे. एकाने तर ‘मग जाडजूड होणार पुस्तक!’ असंही म्हटलं.

थट्टा बाजूला ठेवली तरी भाषेने इथे एक गाठ मारून ठेवली आहे, ती सहज सुटणारी नाही. आपल्याकडे अर्थ म्हणजे मतलब आणि अर्थ म्हणजे पैसाही. सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या आयुष्यात हे दोन्ही अर्थ समोरासमोर येतात, आणि बहुतेक वेळा पहिल्याच्या नावावर दुसरा थकवला जातो. ‘ही नोकरी नाही, सेवा आहे’ हे वाक्य मी सत्काराच्या भाषणात ऐकलं आहे आणि संप मोडून काढतानाही. शब्द तेच, माणसंही बऱ्याचदा तीच.

पुढच्या पानांवर आरोग्यसेविका, आशा, परिचारिका, डॉक्टर, कक्षसेवक आणि सफाई करणाऱ्या बाया आपल्या कामाबद्दल बोलणार आहेत. त्याआधी चार गोष्टी सांगायच्या आहेत. बोलणाऱ्यांना त्या ठाऊकच असल्यामुळे ते त्या सांगत बसत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतात.

कामाच्या जागेचं ‘वातावरण’ म्हणजे काय, हे सरकारी कर्मचाऱ्याला व्याख्येने समजावून सांगावं लागत नाही. ‘तिथलं वातावरण चांगलं आहे हो, जा खुशाल’ किंवा ‘बाकी सगळं ठीक, पण वातावरण नाही’, एवढ्यावर बदलीचे अर्ज लिहिले जातात आणि मागे घेतले जातात. इमारत, पगार, अंतर, निवासस्थानाचं गळकं छप्पर यांपैकी काहीही या शब्दात येत नाही. वरिष्ठ कोणत्या आवाजात बोलतात, चूक झाली तर आधी काय होतं, रजा मागताना पोटात गोळा येतो का, ड्यूटी लावताना कोणाचं तोंड पाहिलं जातं, हे सगळं मात्र येतं. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर बदलले की सहा महिन्यांत तिथली ओपीडी दुप्पट होते किंवा ओस पडते. औषधं तीच, भिंती त्याच. गावकरी म्हणतात, डॉक्टरच्या हाताला गुण आहे. कर्मचारी म्हणतात, वातावरण बदललं.

हे वातावरण जिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं ती जागा म्हणजे महिन्याची आढावा बैठक. तालुक्याचं सभागृह, समोर पडदा, पडद्यावर तक्ता. उपकेंद्रांची नावं एकाखाली एक आणि रकान्यांना लाल, पिवळा, हिरवा रंग. कागदावरच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येला आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात तीन हजारांना एक उपकेंद्र असतं. गरोदर मातांची नोंदणी, लसीकरण, क्षयरोगाचे संशयित, कुष्ठरोगाचं सर्वेक्षण, साथीच्या तापाचे रक्तनमुने, कार्ड काढणं, हे सगळं तिथल्या आरोग्यसेविकेच्या पदराला बांधलेलं. ज्यांचा रकाना लाल त्यांना उभं केलं जातं. ‘किती झाले?’ हा प्रश्न येतो. उत्तर कमी असलं की ‘का झाले नाहीत?’ पण त्या ‘का’ला उत्तर नको असतं, मान खाली घातलेली हवी असते.

समजा, एका वस्तीवर सातव्या महिन्यातली एक बाई आहे. रक्त सहाच्या खाली, सासू म्हणते आमच्यात असंच असतं, नवरा ऊसतोडीला गेलेला. आरोग्यसेविका तीन खेपा घालते. तिसऱ्या खेपेला सासूला पटतं, बाई तालुक्याला जाते, रक्त चढतं. आरोग्यसेविकेला त्या महिन्यात आपण काय केलं असं विचारलं, तर ती हेच सांगेल, बहुधा वर्षभर सांगेल. तक्त्यात मात्र त्या तीन खेपांचा आकडा एक असतो. त्या तीन दिवसांत भरायच्या राहिलेल्या ऑनलाइन नोंदींचा आकडा असतो सत्तर. म्हणजे ज्या कामामुळे तिला आपण आरोग्यसेविका आहोत असं वाटतं, त्याच कामामुळे तिचा रकाना लाल होतो. या पुस्तकाचा अर्धा विषय माझ्या दृष्टीने या एका रकान्यात मावतो.

असं का झालं याला इतिहास आहे. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर गावच्या आरोग्याकडे समाजाच्या नजरेने पाहणारा डॉक्टर होता. १९५२च्या सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली. पुढे १९७३ साली कर्तारसिंग समितीने मलेरियाचा वेगळा, देवीचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा अशा कर्मचाऱ्यांऐवजी ‘बहुउद्देशीय’ कर्मचारी असावा असं सुचवलं. कल्पना वाईट नव्हती. एका घरी पाच माणसं पाच वह्या घेऊन जाण्यापेक्षा ओळखीच्या एकाच माणसाने जावं, हे कोणालाही पटेल. पण लगेच आणीबाणी आली आणि बहुतेक उद्देश एका उद्देशापुढे मागे पडले. नसबंदीचे आकडे. आरोग्य खात्याबाहेरच्या लोकांना, शिक्षकांना आणि तलाठ्यांनासुद्धा, ‘केस’ आणायला जुंपलं गेलं. आणीबाणी गेली, ‘टार्गेट’ राहिलं. एप्रिल १९९६ मध्ये केंद्राने कुटुंबनियोजनाची लक्ष्यं देशभर रद्द केली. कागदावर त्यांचं नाव ‘अपेक्षित कार्यपातळी’ झालं. हा शब्द मी एकाही आरोग्यसेविकेच्या तोंडून ऐकलेला नाही. ती आजही टार्गेटच म्हणते, आणि तिचंच बरोबर आहे.

त्याच सुमारास अदिती अय्यर आणि अमर जेसानी यांनी महाराष्ट्रातल्या ग्रामीण एएनएमच्या, म्हणजे आरोग्यसेविकांच्या, कामाचा अभ्यास केला होता. गावाबाहेरच्या उपकेंद्रात एकटीने राहणं, रात्री-अपरात्री दारावर थाप, ती थाप बाळंतिणीसाठी आहे की आणखी कशासाठी हे न कळणं, गावातल्या पुढाऱ्यांची लगट, वरिष्ठांचा आकड्यांचा धोशा. तीस वर्षं होत आली. उपकेंद्राला आता रंग आहे, फलक आहे, कुठे कुठे सौर पॅनेलही आहे. रात्रीची थाप तशीच आहे.

आता थोडं लांब जाऊ. लंडनमधल्या एका मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयाने १९५०च्या दशकात इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंना बोलावलं. रुग्णालयापुढची अडचण व्यवस्थापनाची होती: शिकाऊ परिचारिकांच्या नेमणुकांचं गणित बसत नव्हतं. मेन्झीसबाईंना दिसलं ते वेगळंच. आजारी, मरणाऱ्या, घाण होणाऱ्या शरीरांना रोज हात लावण्याची जी भीती असते, तिच्यापासून सुटका व्हावी म्हणून रुग्णालयाने नकळत अख्खी रचनाच उभी केली होती. कामाचे तुकडे पाडायचे, म्हणजे एकीने सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीने सगळ्यांना भांडी द्यायची; एका रुग्णाजवळ कोणीच फार वेळ थांबायचं नाही. रुग्णाला नावाने नाही, खाटेच्या क्रमांकाने आणि बिघडलेल्या अवयवाने ओळखायचं. निर्णय वर ढकलत राहायचे. हेतू होता परिचारिकांना त्रास कमी व्हावा हा. पण कामातला जो आनंद त्रास सोसायला बळ देतो, तोही या रचनेने काढून घेतला. माणूस बरा होताना आपण पाहिला, हे कोणालाच म्हणता येईना, कारण पूर्ण माणूस कोणाच्याच वाट्याला आला नव्हता.

हे वाचताना मला लंडन दिसलंच नाही. मला दिसला आपल्याकडचा मेडिसिनचा वॉर्ड: चाळीस खाटा, साठ रुग्ण, त्यांतले वीस खाली सतरंजीवर, रात्रपाळीला दोन सिस्टर. ‘सात नंबरचं सलाईन संपलं’, ‘फरशीवरच्या तीन नंबरला ऑक्सिजन’. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. हे आकडे वॉर्डात मोठ्याने म्हटले तर सिस्टर हसतात. लंडनमध्ये भीतीपोटी जे झालं ते आपल्याकडे संख्येपोटी होतं, निष्पत्ती तीच. तीस माणसांची नावं एका रात्रीत कोणी लक्षात ठेवेल? आणि नाव लक्षात नसलेल्या माणसाच्या मरणाचं दुःख किती करणार? बर्नआउट, म्हणजे आपल्या साध्या भाषेत जळून जाणं, याची मोजपट्टी क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ साली तयार केली. भावनिक थकवा, समोरच्या माणसाची वस्तू होऊन जाणं आणि आपल्या हातून काही चांगलं होतं यावरचा विश्वास उडणं, असे तिचे तीन भाग. सरकारी रुग्णालयाबद्दल लोकांची जी तक्रार असते, ‘खेकसतात हो नुसत्या’, ती यातला दुसरा भाग असते. तिसऱ्याबद्दल तक्रार करायला कोणी उरलेलंच नसतं.

मला या निमित्ताने माझा स्वतःचा राग नोंदवून ठेवायचा आहे, नाहीतर ही प्रस्तावना फार शहाणी होईल. वडील एका सरकारी रुग्णालयात होते तेव्हा एक्स-रेपर्यंत ट्रॉली न्यायला वॉर्डातल्या मावशींनी शंभर रुपये मागितले. दिले. रोज दिले. पाचव्या दिवशी मी चिडून बोललो, तर शांतपणे उत्तर आलं, की ठेकेदाराने चार महिन्यांचा पगार दिलेला नाही, साहेबांना सांगून पाहिलं, आता तुम्हालाच सांगते. त्यामुळे माझा राग गेला असं नाही. शंभर रुपये माझ्यासारख्याला जड नव्हते; शेजारच्या खाटेवर आलेल्या भूमिहीन माणसाला होते, आणि त्याच्याकडूनही घेतले जात होते. एवढंच झालं, की रागाला दोन तोंडं फुटली आणि दुसरं तोंड कोणत्या दिशेला करायचं हे कळेना, कारण ठेकेदार कधी वॉर्डात येत नाही. ‘अर्थपूर्ण’ शब्दावरच्या विनोदाला तेव्हापासून मला पूर्वीसारखं हसू येत नाही.

मावशी आणि मामा ही हाक आपल्या रुग्णालयांची खासियत आहे. डॉक्टर ‘सर’ किंवा ‘मॅडम’, परिचारिका ‘सिस्टर’, आणि सगळ्यात खालच्या पायरीवरची माणसं एकदम घरची. नात्याची हाक आहे म्हणून नावाची पाटी नाही, आणि बऱ्याचदा हातमोजेही नाहीत. अमेरिकेतल्या एमी रेझ्नेव्हस्की आणि जेन डटन यांनी २००१ साली एका लेखात रुग्णालयाच्या सफाई कर्मचाऱ्यांबद्दल लिहिलं, त्याचा उल्लेख आता व्यवस्थापनाच्या प्रत्येक भाषणात येतो. काम तेच, पगार तोच. पण काही जणी स्वतःला फक्त फरशी पुसणाऱ्या समजत, आणि काही जणी रुग्ण बरा करणाऱ्या चमूचा भाग. दुसऱ्या प्रकारच्या बाया रुग्णांशी बोलत, भांबावलेल्या नातेवाइकांना वाट दाखवत, यादीत नसलेली कामं आपण होऊन करत. निष्कर्ष खरा आहे. फक्त आपल्याकडच्या भाषणांत तो उलटा होऊन येतो: काम अर्थपूर्ण करणं तुमच्याच हातात आहे, दृष्टिकोन बदला. चार महिन्यांचा पगार थकलेल्या बाईला हे सांगायला एक वेगळ्याच जातीचा निर्लज्जपणा लागतो.

दृष्टिकोनाचा विषय निघालाच आहे तर गडचिरोलीला जायला हवं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या गावांतल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचं शिक्षण दिलं. श्वास मोजणं, वजन करणं, बाळ गार पडू न देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं; आणि गरज पडली तर इंजेक्शन देणं. तेव्हा वैद्यकीय जगाच्या भुवया वर जायला हे शेवटचं एकच पुरेसं होतं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले गेले. हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्यूदर तिसऱ्या वर्षी साडेपंचविसावर आला होता. हे आकडे सर्वत्र सांगितले जातात. मला त्यातलं कमी सांगितलं जाणारं महत्त्वाचं वाटतं. त्या बायकांवर कोणीतरी विश्वास टाकला होता. त्यांच्या नोंदींना किंमत होती, कारण त्या नोंदींतूनच पुढचं शास्त्र तयार होत होतं. आणि ज्या बाळाचे श्वास मोजले ते जगलं की नाही, हे त्यांना दिसत होतं, कारण ते बाळ त्यांच्याच गल्लीत रांगत होतं.

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ आली. पुढे २०११ पासून नवजात बाळांच्या घरभेटींचं काम तिच्याकडे आलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचं. सहा भेटी, मोबदला २५० रुपये. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात एका बाळंतपणामागे ६०० रुपये. निम्मे गरोदरपणातल्या पाठपुराव्याचे आणि निम्मे दवाखान्यापर्यंत सोबत केल्याचे. सरकारी कागदात आशा ही कर्मचारी नाही. ती स्वयंसेविका आहे, तिला पगार नाही, ‘कामावर आधारित मोबदला’ आहे. नेहमीच्या कामांसाठीची केंद्राची ठरावीक रक्कम २०१८ साली महिना एक हजाराची दोन हजार झाली. २०१३च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतल्या बायकांना कामगार म्हणा, किमान वेतन द्या, असं सुचवलं होतं. ते सुचवणं तसंच आहे.

मराठीत याला मानधन म्हणतात. मान आणि धन असे दोन शब्द जोडून तो तयार झाला, आणि सरकारी वापरात त्याचा अर्थ असा झाला की धन कमी आहे, बाकीचं मानात वळतं करून घ्या. पण तो मान तरी रोजच्या व्यवहारात कुठे दिसतो? बाळंतिणीला घेऊन आशा रात्री दोन वाजता तालुक्याला पोचते. बाईला खाट मिळते, नातेवाइकांना बाक मिळतो. आशाताई कर्मचारी नाही आणि नातेवाईकही नाही. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून सकाळच्या एसटीची वाट पाहते. मग मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार देते. बातमी सगळीकडे छापून येते. त्याच्या आदल्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या. कोविडमध्ये घरोघर फिरून ऑक्सिजन मोजण्याचं, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची वही भरण्याचं काम त्यांनी केलं होतं, आणि त्या पैसे मागत होत्या. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. पुढे ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं पडली. मीही थाळी वाजवली होती. आवाज चांगला येत होता.

असा मान फुकटात देता येतो आणि म्हणूनच तो एका फटक्यात परतही घेता येतो. २०२३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळं. औषधांचा तुटवडा, रिकाम्या जागा, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून शेवटच्या क्षणी पाठवलेले रुग्ण, अशा अनेक गोष्टींची चर्चा झाली. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एकच दृश्य. भेटीला आलेल्या खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात खराटा दिला आणि त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. कॅमेरे होते. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना बरं वाटलं, हेही खरं आहे. संडास घाणच होता. मला त्या चित्रातली कॅमेऱ्याबाहेरची माणसं दिसत राहतात. त्या दिवशी वॉर्डात ड्यूटीवर असलेली एखादी सिस्टर, एखादा निवासी डॉक्टर. आपल्या सगळ्यात मोठ्या साहेबाचं हे होतं तर आपलं काय, हा धडा त्यांना कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय मिळाला.

हा धडा पुढे कसा वागायला लावतो? एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधकांनी १९९०च्या दशकात औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. जिथे चमू चांगला, एकमेकांना धरून असलेला, तिथे चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगल्या चमूंच्या नावावर चुका जास्त. खोलात गेल्यावर कळलं की चांगल्या चमूंत चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत त्या झाकल्या जात होत्या, आणि झाकलेली चूक पुन्हा होते.

आपल्याकडे ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचवता आली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, तेव्हाच्या अहमदनगरला, कोविड अतिदक्षता कक्षात आग लागून अकरा जण गेले. निलंबनं झाली, आणि नगरला ज्यांना अटक झाली त्यांत ड्यूटीवरच्या परिचारिका होत्या. न्यायालयाचं काम न्यायालय करील. मी एवढंच पाहतो, की आग विजेच्या तारेतून वर चढते आणि चौकशी जिन्याने खाली उतरते. खाली उतरताना ती दर मजल्यावर थोडी हलकी होते, आणि तळाशी जो उभा असेल त्याच्यापाशी थांबते. त्यानंतर राज्यातल्या कोणत्या वॉर्डात, कोणती सिस्टर ‘इथल्या प्लगमधून ठिणग्या येतात’ हे लेखी देईल? दिलं तर ‘माहीत होतं, मग वापरला का?’ आणि नाही दिलं तर ‘कळवलं का नाही?’ अनुभवी सिस्टर तोंडी सांगतात. तोंडी सांगितलेलं फाइलीत जात नाही, आणि फाइलीत नसलेलं दुरुस्त होत नाही.

हिंसेबद्दल मी इथे थोडक्यातच लिहितो, कारण पुढे त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. महाराष्ट्राने २०१० साली वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले. मारणारा नातेवाईक बहुधा डॉक्टरला मारतच नसतो. तो आठ तासांच्या प्रतीक्षेला, बाहेरून आणायला लावलेल्या इंजेक्शनला, कोणीच काही न सांगण्याला मारत असतो; समोर सापडतो तो चोवीस तास जागा असलेला पंचविशीतला मुलगा. दोघेही एकाच गोष्टीचे मारलेले, असं म्हणणं सोपं आहे. टाके मात्र एकालाच पडतात.

एक गोष्ट अशी आहे की तिच्याशिवाय या विषयावर मराठीत लिहिताच येत नाही. परळचं केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झालं, ते तिथल्या महाविद्यालयात शिकवणारे भारतीयच असतील या अटीवर; म्हणजे त्या इमारतीच्या पायातच कामाला एक अर्थ होता. तिथेच २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर एका सफाई कामगाराने हल्ला केला. ड्यूटी संपवून ती तळघरात कपडे बदलत होती. कपडे बदलायला परिचारिकेने तळघरात का जावं, हा प्रश्न वातावरणाचाच होता, आणि तेव्हा संपावर गेलेल्या मुंबईच्या परिचारिकांनी कामाच्या परिस्थितीबद्दल मागण्या केल्याही होत्या. अरुणा शुद्धीवर आली नाही. १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षं, ती चार नंबरच्या वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत होती आणि तिची सगळी शुश्रूषा केईएमच्या परिचारिकांनी केली. खाट मोकळी करण्यासाठी तिला दुसरीकडे हलवायचं पालिकेने ठरवलं, तेव्हा त्यांनी ते होऊ दिलं नाही. तिचा वाढदिवस त्या साजरा करत. तिला मासे आवडतात, हे तिच्या फाइलीत नसलेलं ज्ञान एका पिढीने दुसरीला दिलं. दयामरणाची याचिका ७ मार्च २०११ रोजी फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार याचिकाकर्त्या लेखिकेचा नाही, तर तिची काळजी घेणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

शेवटच्या वर्षांत तिला आंघोळ घालणाऱ्या कित्येक मुली १९७३ साली जन्मालाही आल्या नव्हत्या. त्या हे का करत होत्या? त्यागाची, मातृत्वाची, परिचारिकेच्या उदात्त व्रताची उत्तरं बरीच दिली गेली. मला वाटतं उत्तर जास्त साधं आणि जास्त करडं असावं. ती त्यांच्यातली होती. तिच्या जागी आपण असू शकलो असतो, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. आणि संस्थेने जिला जपलं नाही तिला आम्ही जपू, हे त्या बेचाळीस वर्षं रोज, न बोलता म्हणत होत्या. एवढ्या प्रेमामागे एवढा राग असू शकतो, हे सत्काराच्या भाषणात बसत नाही.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. विश्रांतीला धड खोली नसल्याने ती चर्चासत्राच्या दालनात झोपली होती. ऑगस्टच्या २० तारखेला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्या आदेशात छत्तीस तासांच्या पाळ्या, विश्रांतिकक्षांचा अभाव यांची नोंद आहे, आणि अरुणा शानबागचंही नाव आहे. तळघर ते चर्चासत्राचं दालन हा पन्नास वर्षांचा प्रवास.

या पुस्तकाकडून काय अपेक्षा ठेवावी, हे सांगण्याची प्रस्तावनाकाराची रीत असते. यात उपाययोजनांचा तक्ता नाही. इथे बोलणारी माणसं एकमेकांशी सहमत नाहीत. कायम नोकरीतल्या परिचारिकेला कंत्राटी परिचारिकेचं दुःख कळतं असंही नाही, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याचं प्रकरण वाचताना आरोग्यसेविकांना कदाचित संताप येईल. तो अधिकारीही शुक्रवारच्या व्हिडिओ बैठकीत कोणासमोर तरी उभा केला जातो, हे वाचून संताप कमी होईल की नाही, मला सांगता येत नाही. काही जणांनी नाव न छापण्याची अट घातली. दोघांनी छपाईच्या आधी मजकूर परत घेतला. त्यांची कारणं मी विचारली नाहीत.

एका सकाळचं सांगतो. जिल्ह्याच्या एका रुग्णालयातला बायकांचा वॉर्ड, आठ वाजायला आले होते. रात्रपाळीच्या सिस्टर ‘ओव्हर’ देत होत्या, म्हणजे वॉर्ड सकाळच्या पाळीच्या हवाली करत होत्या. रजिस्टर समोर, खाटांचे क्रमांक, सलाईन, इंजेक्शनं, लघवीचं माप, कोणाची सोनोग्राफी, कोणाची सुट्टी. बारा तासांची ड्यूटी झालेली, आवाज बसलेला. सही झाली. त्यांनी पर्स उचलली, चपला बदलल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. ‘अकरा नंबरची आजी आहे ना,’ त्या नव्या सिस्टरला म्हणाल्या, ‘तिला आजी म्हटलं की तोंड उघडत नाही. नावाने हाक मार, मग दूध घेते.’ नाव सांगितलं. नवीन सिस्टरने ते रजिस्टरच्या समासात, रकान्याबाहेर, पेन्सिलीने लिहून घेतलं. रात्रीच्या सिस्टर घड्याळाकडे बघत निघाल्या; त्यांची सव्वाआठची बस होती.